माणसं देऊन कोळसा

बेल्जियममधल्या शार्लरवा शहरात मार्सिनेल आहे. तिथली ब्वा दु काझिए ही कोळशाची खाण १९६७ ला बंद पडली. तिच्या तोंडावरचे लोखंडी मनोरे मात्र अजून उभे आहेत. माणसांचे पिंजरे खाली सोडणारी चाकं त्यांच्या माथ्यावर आहेत.

दोस्तांनो, या मनोऱ्यांचा इतिहास १९४६ च्या करारापासून वाचला पाहिजे. महायुद्ध संपलेलं. बेल्जियमला कोळसा पाहिजे, पण तिथली माणसं खाणीत उतरायला राजी नाहीत. इटलीत बेकारी. दोन सरकारांनी सौदा केला. इटलीनं ५०,००० मजूर धाडायचे, बेल्जियमनं तिला कोळसा विकायचा. माणूस न् कोळसा एकाच तराजूत! इटलीत गावोगाव गुलाबी पोस्टरं लागली. पगार, सुट्ट्या, सोयी. आलेल्यांना राहायला काय मिळालं? युद्धकैद्यांच्या जुन्या बराकी. खाणीत उतरायला नाही म्हटलं तर अटक.

८ ऑगस्ट १९५६. सकाळच्या पाळीला २७५ जण खाली होते. ९७५ मीटर खोलीवर कोळशाचा एक डबा पिंजऱ्यात नीट बसला नाही, अर्धा बाहेरच राहिला. तेवढ्यात पिंजरा वर सुटला. त्या डब्यानं तेलाची नळी, विजेच्या तारा, दाबाच्या हवेची नळी, सगळं तोडलं. तेलानं पेट घेतला आणि धूर बोगद्याबोगद्यांत शिरला. २६२ जण मेले. त्यांत इटलीचे १३६, बेल्जियमचे ९५, बाकी पोलंड, ग्रीस, जर्मनी अशा देशांचे. बायापोरं खाणीच्या फाटकाचे गज धरून दिवसच्या दिवस उभी होती.

खटला चालला. १९५९ ला सगळे आरोपी निर्दोष सुटले. अपिलात १९६१ ला एकट्या संचालकाला सहा महिन्यांची शिक्षा झाली, तीही तहकूब. २६२ मुडद्यांचा हिशेब एवढाच.

पुढं ही जागा साफ करून तिथं बाजार उभारायचं घाटत होतं. तेव्हा जुने खाणकामगार आणि मेलेल्यांच्या घरची माणसं आडवी आली. १९९० ला खाण संरक्षित स्मारक झाली, २००२ ला संग्रहालय म्हणून उघडली, २०१२ ला युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. आता तिथं मेलेल्यांची नावं वाचायला मिळतात.

ज्यांची माणसं आत मेली त्यांनीच ते मनोरे वाचवले. आपल्याही कामाच्या जागा एकेक करून पाडल्या जातात. तिथं कोण राबलं, कोण मेलं, त्यांची नावं आपणच लिहून ठेवली पाहिजेत. आणि ती पाडणारे यायच्या आधी.