शंभरापासून दहापर्यंत

किती माणसे कामावर असली म्हणजे त्या जागेस 'कारखाना' म्हणावयाचे? प्रश्न रुक्ष वाटेल. परंतु कायद्यातील ह्या एका आकड्याचा इतिहास म्हणजे यंत्रापासून कोणाचे हात वाचवावयाचे, ह्याचाच इतिहास होय.

हिंदुस्थानातील पहिला फॅक्टरी अ‍ॅक्ट १८८१ सालचा. त्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास मनाई केली व धोक्याच्या यंत्रांभोवती कठडे घालण्यास सांगितले. पण तो लागू होता १०० वा अधिक माणसांच्या कारखान्यांस! नव्याण्णव माणसांच्या कारखान्यातील पट्टा काही सावकाश फिरत नव्हता.

ह्या कायद्यामागे मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा मत्सर आहे, अशी टीका तेव्हा झाली व ती अगदीच खोटी नव्हती. परंतु गरज कोणाची होती, हे मुंबईच्या कामगारांनीच सांगितले. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनसाठी तयार झाला. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि कामावर जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार, अशा त्यातील मागण्या होत्या. १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली.

मग आकडा उतरत गेला. १८९१ साली ५०, १९२२ साली २० आणि स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्यात, यंत्रशक्ती वापरणाऱ्या कारखान्यांसाठी, १०. शंभरावरून दहावर येण्यास सदुसष्ट वर्षे लागली. पुढे १९८४ साली भोपाळची वायुदुर्घटना घडली, तेव्हा कोठे १९८७ साली घातक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण ह्या कायद्यात आले.

२०२० च्या संहितेने हा दहाचा आकडा पुन्हा २० केला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अंमलात आली. दहा माणसांच्या आस्थापनेस काही सर्वसाधारण तरतुदी लागू राहिल्या, हे खरे. पण 'कारखाना' ह्या नावाबरोबर येणारे विशेष संरक्षण वीसांपासूनच सुरू होते. लहान उद्योजकाचा कागदपत्रांचा जाच कमी व्हावा, हा त्यामागील युक्तिवाद ऐकून घेण्याजोगा आहे. नोंदवह्या अवश्य कमी कराव्यात. कठडा मात्र काढू नये.

टळलेल्या अपघाताची नोंद कोठेच होत नाही. म्हणून चांगला कायदा जितका यशस्वी, तितका तो निरुपयोगी वाटू लागतो. आकडा वाढविताना आपण हे विसरलो, तर त्याची किंमत अठराव्या वा एकोणिसाव्या कामगारास मोजावी लागेल.