मारियूस

फ्रेंच बोलपटांच्या आरंभकाळातील एक विनोदगर्भ नाट्यपट (१९३१). फ्रेंच नाटककार मार्सेल पान्योल (१८९५–१९७४) याच्या याच नावाच्या नाटकावर तो आधारलेला आहे. मूळ नाटकाचा पहिला प्रयोग पॅरिस येथे ९ मार्च १९२९ रोजी झाला.

मार्से शहराच्या जुन्या बंदरावरील एका मद्यगृहात कथानक घडते. मालक सेझार याचा मुलगा मारियूस याला दूरच्या समुद्रांची अनावर ओढ आहे. त्याच वेळी शिंपल्यांची विक्री करणाऱ्या फानीवर त्याचे प्रेम आहे. त्याची तळमळ ओळखून फानी स्वतःच त्याचा मार्ग मोकळा करते आणि गलबत निघेपर्यंत सेझारला बोलण्यात गुंतवून ठेवते. या करुण शेवटाआधी विनोदाची रेलचेल आहे. पत्ते खेळताना ‘हृदय विदीर्ण झाल्याचा’ बहाणा करून सेझार भिडूला बदामाची खूण करतो, तो प्रसंग विशेष गाजला.

पॅरामाउंट कंपनीच्या पॅरिसजवळील झ्वँव्हील येथील चित्रपटनिर्मितिगृहात, मूळच्या हंगेरियन अलेक्झांडर कॉर्डाच्या दिग्दर्शनाखाली हा चित्रपट तयार झाला. अन्य भाषांतील ध्वनी नंतर जोडण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. त्यामुळे तेथेच निराळे नट घेऊन त्याच्या जर्मन व स्वीडिश आवृत्त्याही काढण्यात आल्या. फ्रेंच आवृत्तीत मात्र रेम्यू (सेझार), प्येर फ्रेने (मारियूस), ओरान देमाझी (फानी) व शार्पँ (पानिस) हे रंगभूमीवरील मूळ नटच राहिले.

मूकपटाने कमावलेली दृश्यभाषा संवादांच्या भाराखाली लोपेल, अशी भीती रने क्लेअरसारख्या दिग्दर्शकांना वाटत होती. उलट, बोलपट हे नाटक जतन करून सर्वदूर पोहोचविण्याचे साधन आहे, असे पान्योलचे मत होते. या वादात मारियूसच्या यशाने त्याची बाजू बळावली. कॅमेऱ्याची हालचाल बेताची असूनही मार्सेच्या बोलीचे हेल, तिच्यातील अतिशयोक्ती आणि बाप-लेकांमधील अबोल माया पडद्यावर जिवंत झाली. प्रादेशिक बोली केवळ हास्यास्पद नसते, तीत गंभीर भावही व्यक्त होऊ शकतो, याचा प्रत्यय देशभरच्या प्रेक्षकांना आला.

फानी (१९३२; दिग्दर्शक मार्क आलेग्रे) व सेझार (१९३६; दिग्दर्शक स्वतः पान्योल) या चित्रपटांनी ही त्रयी पूर्ण झाली. सेझार मुळात चित्रपटासाठीच लिहिला गेला व पुढे रंगभूमीवर आला. रंगभूमीकडून पडद्याकडे सुरू झालेला प्रवास अशा रीतीने उलट दिशेनेही घडला.