कडकनाथ आणि सत्तावन सालची कोंबडी

झाबुआच्या भिल्ल वस्त्यांतील ‘काली मासी’, म्हणजेच कडकनाथ, हा पक्षी ग्वाल्हेरकरांना आता अपरिचित राहिलेला नाही. झाबुआचे कृषी विज्ञान केंद्र येथील राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयाच्या कक्षेत येते. २०१८ साली कडकनाथाला भौगोलिक मानांकनही लाभले. ज्याचे मांसदेखील काळे असा हा कोंबडा आजारी म्हणून पडतच नाही, अशी समजूत त्याच्या कीर्तीबरोबर सर्वत्र पसरली. ती पारखून घ्यावयाची तर थोडे मागे जावयास हवे.

१९२७ साली कुमाऊँतील राणीखेत येथे कोंबड्यांचा एक घातक रोग आढळला व त्याला त्या गावाचेच नाव पडले. त्या काळी परसातील कोंबडी उकिरडा उकरून जगे. साथीत मरणारी मरत, उरलेल्यांची वीण पुढे चाले. निवड निसर्ग करी, आणि ती निर्दय असे. पुढे माणसाने ही निवड आपल्या हाती घेतली, ती मात्र वजनाच्या काट्यावर नजर ठेवून!

या निवडीचा हिशेब अमेरिकेत मांडला गेला. १९५७ सालच्या कोंबडीचा एक वंश तेथे मुद्दाम निवड न करता जपलेला होता. नॉर्थ कॅरोलायनातील संशोधकांनी तो २००१ सालच्या पक्ष्यांसमवेत वाढविला आणि दोहोंना जुने व नवे, असे दोन्ही खाद्य देऊन पाहिले. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४२ दिवसांत जुन्या खाद्यावरील जुना पक्षी ५३९ ग्रॅम भरला, नव्या खाद्यावरील नवा २,६७२ ग्रॅम! या फरकात ८५ ते ९० टक्के वाटा वंशाचा, उरलेलाच काय तो खाद्याचा. परंतु रोगाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करण्यात जुना वंश सरस ठरला. पेशींच्या द्वारे होणारा प्रतिकार मात्र नव्यात अधिक होता. तेव्हा नव्या कोंबडीची प्रतिकारशक्ती सरसकट नष्ट झाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिची घडण बदलली.

कडकनाथावर वजनाच्या निवडीचा असा मारा झाला नाही. किलो-सव्वा किलो भरावयास तो चार-पाच महिने घेतो, आणि काटकपणाची त्याची ख्याती निराधार नाही. तथापि जानेवारी २०२१ मध्ये झाबुआ जिल्ह्यातील कडकनाथांतच बर्ड फ्लू शिरला, आणि पक्षी नष्ट करावे लागले. पिल्ले विकणारे हे सहसा सांगत नाहीत. राणीखेतच्या लशीचा थेंब पहिल्या आठवड्यात कडकनाथाच्या पिल्लाच्या डोळ्यातही घालावाच लागतो.