खताची पाठ : चांदा प्रांतांतील ऋणलेख आणि त्यांची शुद्धि

जुन्या दप्तरांची छाननी करतांना सनदा, महजर, निवाडपत्रें हे कागद आपण जपून वेगळ्या रुमालांत बांधतों, आणि कर्जाचीं खतें, विशेषतः मधोमध फाटलेलीं, एका बाजूस सारतों. फाटक्या खतास संग्राहकांच्या लेखीं मोल नाहीं. परंतु असें खत पुष्कळदां वाळवीनें खाल्लेलें नसून बुद्ध्या फाडलेलें असतें. आणि तें फाडणें हाच त्या कागदाच्या आयुष्यांतील शेवटचा व ऋणकोच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचा व्यवहार असतो. याकडे अभ्यासकांचें लक्ष वेधावें हा प्रस्तुत लेखाचा एक हेतु. दुसरा असा कीं, हल्लीं माणसाची पत ज्या लेखावरून ठरते तो लेख ऋणकोस हातीं धरून फाडतां येत नाहीं. जुना ऋणलेख कोणत्या रीतीनें शुद्ध होत असे हें नीट कळलें, म्हणजे नवा कसा शुद्ध करून घ्यावा हेंहि उमगतें.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत लेख्याचें प्रकरण आहे. ऋणलेखांत संवत्सर, मास, पक्ष व तिथि असावी. धनको आणि ऋणको यांचीं नांवें, जाति, गोत्र व पित्यांचीं नांवें असावीं. मजकूर पुरा झाल्यावर ऋणकोनें स्वहस्तें आपलें व बापाचें नांव घालून वरील मजकूर मान्य असल्याचें लिहावें. साक्षींनींहि तसेंच करावें. अखेरीस लेखकानें आपलें नांव द्यावें. अमुक ऋण अमक्याचेंच, त्याच नांवाच्या दुसऱ्याचें नव्हे, हें निःसंशय ठरावें यासाठीं ही सारी खबरदारी.

याहून महत्त्वाचें तें पुढेंच आहे. ऋणको जसजसें द्रव्य फेडील तसतसें त्यानें तें त्याच लेखाच्या पाठीवर लिहावें, किंवा धनकोनें स्वहस्ताक्षरांत पावती द्यावी. सर्व ऋण फिटल्यावर लेख फाडावा, किंवा शुद्धीसाठीं दुसरा लेख करून घ्यावा. साक्षींसमक्ष घेतलेलें ऋण साक्षींसमक्षच परत करावें. येथें 'शुद्धि' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या (1076–1126) काळांत मिताक्षरा रचणाऱ्या विज्ञानेश्वरानें त्याचा अर्थ ऋणकोपणाची निवृत्ति असा केला असून, मूळ लेख दुर्गम देशांत राहिला असेल वा नष्ट झाला असेल तर धनकोनें ऋणकोस विशुद्धिपत्र द्यावें असें स्पष्ट म्हटलें आहे. म्हणजे कर्ज फेडल्यानें ऋणको मनानें मोकळा झाला तरी लेखानें मोकळा होत नाहीं. लेखाची शुद्धि हें निराळें कृत्य असून तें करून देण्याचा भार धनकोवर आहे. दुर्गम देशांत राहिलेल्या लेखाची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

जातां जातां एक गोष्ट नमूद करतों. अरण्यांतून प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्यास दरमहा शेंकडा दहा व समुद्रावर जाणाऱ्यास वीस असा व्याजाचा दर याज्ञवल्क्य देतो, आणि कौटिल्याचाहि दर हाच आहे. रानांत जाणाऱ्याचें धन बुडण्याची भीति अधिक म्हणून व्याज अधिक, हा त्यांतील हिशेब. आमच्या रानवट जिल्ह्यांतील सावकारास हीं वचनें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. हिशेब मात्र त्यास पक्का ठाऊक होता.

आतां प्रांताकडे वळूं. चांद्याचें गोंड राज्य 1751 सालीं नागपूरकर भोसल्यांकडे गेलें. 1853 सालीं तिसरे रघूजी भोसले निवर्तल्यावर तें इंग्रजी अमलांत आलें. 1964 सालीं चांद्याचें नांव चंद्रपूर झालें आणि 26 ऑगस्ट 1982 रोजीं त्यांतून गडचिरोली जिल्हा निराळा निघाला. भोसल्यांबरोबर मोडी लिपि या मुलखांत दृढ झाली. दक्षिणेकडील सिरोंचा भाग 1874 पर्यंत अपर गोदावरी जिल्ह्यांत मोडत असे. तिकडील कागदांत तेलुगुची अपेक्षा ठेवावी. अरण्यांत राहणारा गोंड वा माडिया ऋणको या दोन्ही लिप्यांस परका. त्याचें बोलणें एका भाषेंत, खत दुसऱ्या भाषेंत, आणि लिहिणारा तिसराच. अशा स्थितींत स्वहस्तें मान्यता लिहिण्याची स्मृतींतील अट अंगठ्यावर किंवा निशाणीवर येऊन ठेपते. मराठी कागदांत कुणब्याची निशाणी नांगर, बाईची बांगडी, हें सर्वांस परिचित आहे. निशाणी करणारा खताच्या पाठीवर वसूल लिहूं शकत नाहीं हें उघड आहे. म्हणून पाठ कोरी आहे एवढ्यावरून कांहींच फिटलें नाहीं असें अनुमान काढणें धोक्याचें.

पूर्वेकडील भाताच्या तालुक्यांत उधार बव्हंशीं धान्याची. पेरणीस नेलेलें धान्य सुगीस सवाईनें वा दिढीनें परत करावयाचें. या व्यवहाराचें खत बहुधा होतच नसे. तो सावकाराच्या वहींत असे, आणि वही त्याच्या घरीं. रोजकीर्द व खतावणी हीं दोन्हीं त्याच्याच हातचीं; ऋणकोचें नांव तेथें होतें, पण तें वाचण्याचा त्यास अधिकार नव्हता व सामर्थ्यहि नव्हतें.

खतांच्या बाबतींत आणखी एक गुंता कायद्यानें उत्पन्न केला. 1859 च्या मुदतीच्या कायद्यानें कर्जरोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु ऋणकोच्या रक्षणाचा; परिणाम उलटा. तीन वर्षें भरण्यापूर्वींच सावकार मागील मुद्दल व व्याज एकत्र करून नवें खत लिहवून घेऊं लागला. 'मागील खताची बाकी' हे शब्द ज्या खतांत येतात त्याचा आधीचा दुवा शोधावा. तीन-चार दुवे मिळाले तर मूळ रक्कम किती क्षुल्लक होती हें दिसतें. व्याजाची बाकी मुद्दलाहून अधिक वसूल करूं नये हा मनूचा दामदुपटीचा नियम या युक्तीपुढें लंगडा पडे, कारण प्रत्येक नव्या खतांत जुनें व्याज मुद्दल होऊन बसे. संस्थेच्या वर्णनसूचींत खताची दर्शनी बाजू तेवढी नोंदण्याची वहिवाट आहे ती मला सदोष वाटते. पाठीवरील वसुलाच्या ओळी, मागील खताचा उल्लेख, आणि कागद फाडलेला असल्यास कोणत्या बाजूनें फाडला आहे, इतकें तरी लिहावें.

देशावर याच गुंत्यानें 12 मे 1875 रोजीं सुपें येथें दंगा झाला. दंगेखोरांचा रोख सावकारांच्या खतांवर होता. खतें हातीं आलीं तेथें तीं जाळलीं वा फाडलीं गेलीं. हें फाडणें शास्त्रोक्त नव्हे, पण फाटल्यावांचून सुटका नाहीं ही समजूत शास्त्राचीच होय. पुढें 1879 चा दक्षिणी शेतकऱ्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यानें शेतकऱ्यास लेखी पावती, दरसालचा हिशेब आणि पासबुकांत नोंद मागण्याचा हक्क दिला. पण हा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. चांद्यास त्याचा लाभ नव्हता.

मध्यप्रांताची पाळी मंदीच्या काळांत आली. 1933 च्या कर्जतडजोड कायद्यान्वयें मंडळें नेमलीं गेलीं. मंडळाची नोटीस लागूनहि धनकोनें आपल्या येण्याचें विवरण मुदतींत दिलें नाहीं, तर तें ऋण फिटलें असें समजावें, ही त्यांतील तरतूद मला विशेष वाटते. लेख दडवून ठेवणाऱ्याचा लेखच निर्जीव व्हावा असा तिचा आशय आहे. 1934 च्या सावकारी कायद्यानें प्रत्येक ऋणकोचें खातें स्वतंत्र ठेवावें व दरसाल सहीनिशीं हिशेबाचा उतारा त्यास द्यावा असें बंधन घातलें. तें न पाळल्यास न्यायालयास व्याज नाकारतां येई. याज्ञवल्क्यानें खताच्या पाठीवर जें लिहावयास सांगितलें तेंच येथें वार्षिक उताऱ्याच्या रूपानें आलें.

आतां दुर्गम देशांतील लेखाकडे येतों. सांप्रत कर्ज देणाऱ्या बँका व वित्तसंस्था प्रत्येक ऋणकोची हकीकत पतमाहिती कंपन्यांकडे पाठवितात. यांपैकीं पहिली, सिबिल, 2000 सालीं स्थापन झाली. यासंबंधींचा कायदा 2005 चा असून तो डिसेंबर 2006 मध्यें अमलांत आला. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन व क्रिफ हाय मार्क या चार कंपन्यांस परवाना आहे. भामरागडच्या वा एटापल्लीच्या माणसानें घेतलेल्या मोटारसायकलीच्या कर्जाचा लेख अशा रीतीनें त्यानें कधीं न पाहिलेल्या शहरांतील दप्तरांत राहतो. बचतगटाच्या किंवा सूक्ष्म वित्तसंस्थेच्या हप्त्यानें कर्ज घेणाऱ्या स्त्रियांचीहि नोंद आतां तेथें होते. 300 पासून 900 पर्यंतच्या अंकांत पत मोजली जाते. ज्यानें बँकेचें कर्ज कधीं घेतलेंच नाहीं त्याचा अंकच निघत नाहीं. गांवच्या सावकारास जो माणूस तीन पिढ्या माहीत, तो या दप्तरास अनोळखी असतो.

हा अहवाल संग्राहकाच्या नजरेनें वाचावा. प्रथम ओळखीचा भाग: नांव, जन्मतारीख, पत्ता, पॅन क्रमांक. स्मृतींतील नांव-गोत्र-पित्याची जागा हीच. आमच्याकडे मडावी, आत्राम, कुमरे हीं आडनांवें इतकीं विपुल आहेत कीं एकाच नांवाचे अनेक इसम एका तालुक्यांत सांपडतात, आणि एकाचें ऋण दुसऱ्याच्या माथीं बसण्यास एवढें पुरतें. मग खात्यांची यादी. प्रत्येक खात्यापुढें महिनेवार चौकटी असून हप्ता किती दिवस थकला तो आंकडा त्यांत असतो. ही खताची पाठ होय. शेवटीं कोणीं केव्हां चौकशी केली त्याची यादी. आपण अर्ज केला नसतां तेथें एखादें नांव दिसल्यास सावध व्हावें.

माझ्याकडे एका जुन्या विद्यार्थ्यानें असा अहवाल वाचावयास आणला होता. कर्ज फिटून वर्ष होऊन गेलेलें. 'येणें बाकी नाहीं' असें संस्थेचें पत्र त्याच्या हातीं. अहवालांत मात्र बाकी उभी आणि थकलेल्या दिवसांचे आंकडे वाढत चाललेले. त्यामुळें त्यास घरासाठीं कर्ज नाकारलें गेलें. विशुद्धिपत्र हातीं असून लेख अशुद्ध, असा हा प्रकार. उपाय कायद्यांतच आहे. प्रत्येक कंपनीकडून वर्षांतून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मागण्याचा हक्क 1 जानेवारी 2017 पासून मिळाला. चूक आढळल्यास कंपनीकडे लेखी हरकत घ्यावी व पत्राची प्रत जोडावी. कंपनी स्वतः आंकडा बदलीत नाहीं, ती कर्ज देणाऱ्या संस्थेस विचारते, म्हणून त्या संस्थेसहि त्याच वेळीं लिहावें. तीस दिवसांत निकाल न लागल्यास प्रत्येक दिवसास 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम 26 एप्रिल 2024 पासून लागू झाला. त्या तिसांपैकीं एकवीस दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेचे. तेवढ्यानें न भागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें. पतमाहिती कंपन्या 1 सप्टेंबर 2022 पासून त्या कक्षेंत आल्या. सदर विद्यार्थ्याची नोंद या रीतीनें दुरुस्त झाली.

चूक आणि कसूर यांत मात्र भेद केला पाहिजे. हप्ता खरोखर थकला असेल तर ती ओळ हरकतीनें पुसली जात नाहीं, आणि द्रव्य घेऊन पत धुऊन देतों म्हणणारे जे मध्यस्थ निघाले आहेत त्यांस ती पुसण्याचा अधिकार नाहीं. तेथें बाकी भरणें, पुढील हप्ते वेळेवर देणें आणि नव्या ओळी जुन्या ओळींवर साठूं देणें, एवढाच मार्ग आहे. तो मंद आहे.

एका ठिकाणीं नवी रीत जुनीहून कठोर आहे. जुन्या व्यवहारांत सावकारानें कांहीं रक्कम घेऊन उरलेली सोडली व फारखती लिहून दिली, म्हणजे खत फाटलें. सूट दिली म्हणून ऋणको डागळत नसे. आजच्या अहवालांत पुरी फेड झालेलें खातें 'बंद' म्हणून लिहिलें जातें, आणि कमी रकमेंत मिटलेलें 'तडजोड' म्हणून. हा दुसरा शब्द पुढील कर्जाच्या वेळीं आडवा येतो. तडजोडीच्या कागदावर सही करणाऱ्या पुष्कळांस, त्यांत आमच्या भागांतील अनेक शेतकरीहि आले, ही गोष्ट कोणी सांगत नाहीं. सहीपूर्वीं खातें कोणत्या शब्दानें नोंदलें जाणार हें संस्थेकडून लिहून घ्यावें. आणि पुढें उरलेली रक्कम भरणें शक्य झाल्यास ती भरून 'बंद' ही नोंद मागावी, नवें पत्र घ्यावें, व तें पत्र जुन्या खतांबरोबर त्याच रुमालांत ठेवावें.