पाहुणीचा नंबर ०३२३३

आम्ही तुडीलची माणसं खाडीपट्ट्यातली. समुद्र आमच्यापर्यंत येतो तो भरतीच्या पाण्याने. सावित्री महाबळेश्वराहून निघून पोलादपूर, महाड करत आमच्या भागातून बाणकोटला समुद्राला मिळते, आणि तिच्या मुखाशी दक्षिणेला आहे वेळास. इतिहासात हे गाव नाना फडणवीसांचं. मला मात्र त्याचा दुसरा इतिहास जास्त आवडतो, आणि तो अजून कुठल्या पाठ्यपुस्तकात गेला नसावा.

कासवीण रात्री वाळूत येते, खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. पूर्वी ती अंडी लोक काढून विकायचे; उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने भाऊ काटदरेंच्या पुढाकाराने वेळासमध्ये काम सुरू केलं. गावकरीच पहाटे किनारा चालू लागले, मागावरून घरटं शोधू लागले. माग ओळखण्याची ती जुनी विद्या आता अंडी वाचवायला कामी आली!

पण आलेली कासवीण कोण, कुठली, हे कसं कळायचं? ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफजवळ पर्यटकांनी काढलेल्या फोटोंतल्या अंगावरच्या खुणांवरून मिंकी देवमासे ओळखतात. कासवाला सोपा उपाय म्हणजे पुढच्या पायाला नंबराचा धातूचा बिल्ला. आर्ची कार या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५५ मध्ये कोस्टारिकाच्या तोर्तुगेरो किनाऱ्यावर हे सुरू केलं. बिल्ला परत पाठवणाऱ्याला बक्षीस ठेवलं होतं. दूरदूरच्या कोळ्यांनी बिल्ले पाठवले, आणि त्या टपालातून कासवांचे रस्ते उलगडत गेले. म्हणजे निम्मं संशोधन कोळ्यांनीच केलं म्हणायचं!

आपल्याकडे जानेवारी २०२२ मध्ये वेळासलाच एका ऑलिव्ह रिडले कासविणीच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं. नाव ठेवलं 'प्रथमा'. मग सावनी, रेवा, लक्ष्मी, वनश्री. पुढच्या वर्षी गुहागरची बागेश्री थेट श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. पण ही यंत्रं महाग, आणि काही महिन्यांत गप्प होतात.

बिल्ला स्वस्त. तो गप्पच असतो, पण टिकतो. मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर अशीच एकीला खूण केली, नंबर ०३२३३. जानेवारी २०२५ मध्ये तीच गुहागरला अंडी घालताना सापडली. साडेतीन हजार किलोमीटर! पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिम किनाऱ्याची वेगळी, असं तोवर मानत आले होते.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की, त्या रात्री तिचा पाय नीट बघणारं कुणीतरी वाळूत हजर होतं. चार वर्षं पाण्यात हिंडलेला आकडा वाचायला कुणी नसता, तर ती आणखी एक कासवीण म्हणून परत गेली असती. अशा किती आधी येऊन गेल्या असतील?

शिमग्याला गावी येणाऱ्या आमच्या मंडळींनी या वेळी एक दिवस जास्त काढा. म्हाप्रळ, मंडणगड करत वेळास गाठा. तेव्हा पिल्लं समुद्रात सोडत असतात. पहाटे लवकर उठावं लागेल हं!