आठव्या दिवशी परत येणारा माणूस

माझ्या आजीच्या दंडावर दोन गोल डाग आहेत. लहानपणी मी त्यांच्यावरून बोट फिरवत विचारायचो, हे काय? ती म्हणायची, "देवी काढल्या होत्या." मला वाटायचं, अंगातून खरोखर कुठलीतरी देवी बाहेर काढली असेल. आपल्या भाषेतही गंमत आहे. 'देवी आल्या' म्हणजे रोग आणि 'देवी काढल्या' म्हणजे लस. दोघांना नाव एकच.

हे डाग मला पुन्हा दिसले ते एप्रिल २०२१ मध्ये. पुण्यातलं ऑफिस बंद होतं आणि मी मोताळ्याला घरून काम करत होतो. १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांपुढच्या सगळ्यांना कोरोनाची लस खुली झाली आणि आमच्या घरात दोन पक्ष पडले. बाबांनी पहिल्याच आठवड्यात घेतली. शेती बघणारे काका, वय बावन्न, म्हणाले, "मले काय झालं? धडधाकट माणसानं सुई कायले टोचून घ्याची?"

मी रोज संध्याकाळी त्यांना लॅपटॉपवर आलेख दाखवायचो. ते शांतपणे बघायचे आणि मग एकेक प्रश्न काढायचे. मागच्या गल्लीतले एक गृहस्थ लस घेतल्यावर चौथ्या दिवशी गेले, ते कसं? दोन डोसांमधलं अंतर आधी अठ्ठावीस दिवस होतं, आता सहा ते आठ आठवडे सांगतात, मग खरं कोणतं? दोन दिवस ताप आला तर वखरणी कोण करणार? आणि शेवटी एक वाक्य: "शहात्तर सालीही असेच आले होते, आमचं भलं कराले."

एकदा माझा तोल गेला आणि मी त्यांना 'अडाणी' म्हणालो. काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्या आठवड्यात मी आलेख सोडून इतिहास वाचायला घेतला. मनात हेतू काकांना हरवण्याचाच होता.

भारतात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्या वेळी बाटलीबंद लस नव्हती. एका मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातला द्रव काढून दुसऱ्याच्या दंडात टोचायचा. युरोपातून निघालेली ही लस बगदाद, बसरा करत मुंबईपर्यंत आली. आता विचार करा. अनोळखी माणूस दारात उभा आहे. त्याला परक्या घरच्या, परक्या जातीच्या मुलाचा द्रव तुमच्या मुलाच्या अंगात घालायचाय आणि आठवड्याने तुमच्याच मुलाचा फोड फोडून तो पुढे न्यायचाय. नकार देणाऱ्या आईला अडाणी म्हणणं मला तरी जमेना. जातीचा विटाळ हे कारण वाईटच होतं, पण मुलाच्या जखमेची काळजी वाईट नव्हती. नकारात दोन्ही मिसळलेलं असायचं.

मग १८९६. मुंबईत प्लेग आला. ओडेसात जन्मलेला वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या जागेत लस बनवत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना दिली. टोचलेल्यांमध्ये प्लेग कमी आढळला. तरी लोक कचरत होते. तेव्हा तिसऱ्या आगाखानांनी लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली. त्याचा खोजा समाजावर परिणाम झाला.

त्याच वर्षी पुण्यात मात्र उलट घडत होतं. रँडच्या प्लेग कमिटीचे सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेत होते, माणसं उचलून छावणीत नेत होते. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सक्ती झडत्यांची होती, लशीची नव्हती. पण सरकार एकच होतं. काल ज्याचे बूट देवघरात शिरले, त्याच्याच हातची सुई आज कोण टोचून घेणार? पुण्याजवळच सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. १० मार्च १८९७ रोजी त्या त्याच रोगाने गेल्या. रोग तोच, त्याच्याशी लढणारी माणसं दोन तऱ्हेची.

आणि भीती दरवेळी खोटीच असते असंही नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात हाफकिनची लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेतली, म्हणून दोष हाफकिनवर आला आणि त्याला पदावरून दूर केलं गेलं. चूक गावातच झाली होती: बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. १९२५ मध्ये त्याच प्रयोगशाळेला त्याचं नाव मिळालं. लस चांगली होती आणि १९ माणसं मेलीही होती. ही दोन्ही वाक्यं एकत्र म्हणता आली पाहिजेत.

काकांचं शहात्तर सालही खरंच निघालं. आणीबाणीत, १९७६ मध्ये, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा सात वर्षांच्या काकांनी आपल्या बापाला शिबिराच्या जीपच्या आवाजाने शेतात लपताना पाहिलं होतं. हे माझ्या कुठल्याच आलेखात नव्हतं.

एप्रिल संपता संपता आत्या गेली. वय त्रेसष्ट. १ मार्चपासून तिला लस मिळू शकत होती, पण लग्नसराई होऊ दे म्हणत तिने पुढे ढकललं. लस घेतली असती तर ती वाचली असती का, हे एका माणसावरून सिद्ध होत नाही. जसं मागच्या गल्लीतल्या गृहस्थांवरूनही काही सिद्ध होत नाही. हे मी काकांना सांगणार होतो. पण ते अंगणात एकटे बसले होते आणि मी पहिल्यांदाच लॅपटॉप न घेता त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.

त्या रात्री आजीने तिची गोष्ट सांगितली. देवी काढणारा गावात आला की पोरं पळायची. तिच्या आईने तिला कापसाच्या ढिगात लपवलं होतं. कोतवालाने शोधून काढलं. दंडावर फिरवलेल्या सुईने ती खूप रडली. "पण तो माणूस आठव्या दिवशी परत आला बापा," आजी म्हणाली. "फोड धरला का नाही, पाहाले. माही माय मंग त्याले चहा पाजे."

खरंच, लस लागू झाली की नाही हे बघायला तेव्हा आठवड्याने पुन्हा यावं लागायचं. तो कामाचा भाग होता. पण पणजीच्या लेखी सुई टोचणारा पळून गेला नव्हता, हाच पुरावा होता.

मे महिन्यात आमच्या भागातल्या आशाताई आल्या. काकांनी तेच सगळे प्रश्न त्यांना विचारले. ताईंनी आलेख दाखवला नाही. "मी घेतली, दोन दिवस अंग दुखलं. तुम्हालेही ताप येईन. आला तर फोन करा, मी इथंच आहे," एवढंच म्हणाल्या. काका दुसऱ्या दिवशी केंद्रावर गेले. रात्री ताप आला. सकाळी ताई दारात हजर.

मी अजूनही लशीच्याच पक्षात आहे. इतिहासाने ते मत बदललं नाही. भारत १९७७ मध्ये देवीमुक्त जाहीर झाला आणि माझ्या दंडावर आजीसारखे डाग नाहीत, ते लशीमुळेच. पण 'अडाणी' हा शब्द मी परत घेतला, काकांच्या तोंडावर.

ते हसले नाहीत, विरघळलेही नाहीत. फक्त दुसऱ्या डोसची तारीख आली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "अंतर अजून बदललं काय रे? पाहा बरं तुह्या त्या मशीनमध्ये."