राहत्या घराची महागाई कशी मोजायची?

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे महागाईच्या आकड्याकडेही आम्ही आधी व्याख्येच्या बाजूने बघतो. तांदूळ आणला, शिजवला, संपला. त्याची किंमत म्हणजे दुकानात दिलेले पैसे; इथे वाद नाही. घर मात्र पन्नास वर्षं टिकतं. मग यंदा आपण त्यातलं किती वापरलं? अमेरिकेत एके काळी हा प्रश्न थेट पेन्शनरांच्या खिशाला भिडला.

1982 पर्यंत तिथल्या ग्राहक किंमत निर्देशांकात घराची खरेदी किंमत, गृहकर्जाचं व्याज, मालमत्ता कर, विमा, दुरुस्ती हे सगळं येत असे. 1970 च्या दशकाअखेर व्याजदर भडकले. 1981 मध्ये ते 18 टक्क्यांवर गेले. तेल आणि अन्नाबरोबर या व्याजानेही निर्देशांक वर ढकलला. आता बघा, वीस वर्षांपूर्वी ठरावीक व्याजाने कर्ज घेतलेल्या आजोबांचा हप्ता काही वाढला नव्हता. पण 1975 पासून सोशल सिक्युरिटीची पेन्शन निर्देशांकाला बांधलेली. 1980 मध्ये ती एकदम 14.3 टक्क्यांनी वाढली. नवं घर घेणाऱ्या जोडप्याला मात्र ही झळ खरोखरच बसत होती.

जानेवारी 1983 मध्ये पद्धत बदलली. घरात दोन गोष्टी आहेत असं मानलं: गुंतवणूक आणि निवारा. गुंतवणूक निर्देशांकाबाहेर गेली. निवाऱ्याची किंमत म्हणजे तेच घर भाड्याने घेतलं असतं तर पडलं असतं ते भाडं. पेन्शन ज्या निर्देशांकावर ठरते, त्यात हा बदल 1985 मध्ये आला.

तर्काला हे पटतं. तरी दोन गोष्टी खटकतात. एक, हे भाडं कोणी कोणाला देतच नाही. भाड्याच्या घरांवरून त्याचा अंदाज बांधावा लागतो. दुसरी, मोटारही बरीच वर्षं चालते, पण तिची मात्र खरेदी किंमतच धरतात. टिकाऊ वस्तूंना एकच नियम लावलेला नाही. सोय म्हणून आपण हे समजू शकतो, तत्त्व म्हणून नाही.

2022 मध्ये तिथे गृहकर्जाचे दर पुन्हा 7 टक्क्यांपर्यंत चढले. जुन्या पद्धतीत ते आकड्यात लगेच उमटले असते; आजच्या पद्धतीत व्याज मोजलंच जात नाही. तेव्हा एखादा नवा घरमालक म्हणाला, ‘माझी महागाई तुमच्या आकड्यात नाही’, तर त्याला खोटं ठरवू नये. आकडा कोणाच्या खर्चाचा आहे, हे आपण आधी विचारावं.